सल्ला हवा: निवृत्त हेर, खोटा आळ आलेली बाई आणि नाशिकमधली एक रात्र

द्राक्षबागवाली
नमस्कार मंडळी. दिवाळी अंकासाठी कथा लिहितेय आणि मधेच गाडं अडलंय. नायिका पिंपळगावच्या एका द्राक्ष व्यापाऱ्याकडे हिशेब लिहिते. व्यापारी शेतकऱ्यांचे पैसे बुडवून पसार होतो, सौदापावत्यांवर सही हिची. इंदिरानगरला तिच्या वरच्या मजल्यावर ७६ वर्षांचे काका राहतात, रॉ या हेरसंस्थेतून निवृत्त झालेले. सोसायटीला एवढंच ठाऊक, की ते 'दिल्लीला कुठल्याशा सचिवालयात होते'. पोलीस येणार हे कळताच ते तिला नाशिकबाहेर काढतात. मी पेठमार्गे धरमपूर, म्हणजे गुजरात धरलंय. दुसरा रस्ता सुचवा, आणि कायद्याच्या चुका आत्ताच दाखवा. नंतर वाचकांची पत्रं येतात हो.

पेठरोडकर
सचिवालय झकास! १९६८ मध्ये रॉ निघाली तेव्हापासून ती कॅबिनेट सचिवालयाखालीच आहे. म्हणजे काका खोटंही बोलत नाहीत.
गाडी नको. २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा, टोलनाक्यावर वेळेसकट नोंद राहते. एसटीने न्या. तिथे एक गंमत घाला. ७५ च्या वरच्यांना राज्याच्या हद्दीपर्यंत एसटी फुकट, पण ओळखपत्र दाखवावं लागतं. तुमचा हेर मुकाट्याने पूर्ण तिकिटाचे पैसे काढतो.

सिन्नरची सून
पेठरोडकर, इथेच तुमचा हेर पकडला जाईल. पांढऱ्या केसांचा म्हातारा फुकटचं तिकीट नाकारतो? कंडक्टर आठवडाभर सांगत सुटेल. मुरलेला माणूस आधार पुढे करेल, कंडक्टर ते धड बघणारही नाही. मशीनमधून शून्य रुपयांचं तिकीट, बाईला अर्धं, चला पुढे सरका. माझे सासरे महिन्यातून चारदा असेच येतात, एकदाही कुणी कार्डावरचं नाव वाचलेलं नाही.

पेठरोडकर
+१. शरण आलो.

जुना सीबीएस
वकील नाही, पण कोर्टात कारकुनी केली आहे. ताई, नायिकेला पळवताच कशाला? पळालेल्या माणसाचा जामीन अवघड होतो, हे तुमच्या काकांना कळायला हवं. शिवाय काका स्वतः अडकतात. आरोपीला आसरा देणं हा गुन्हा आहे, जुन्या दंड संहितेत कलम २१२, आता न्याय संहितेत २४९. त्यात सूट फक्त नवरा-बायकोला, वरच्या मजल्यावरच्या काकांना नाही.
त्यापेक्षा ही सोय बघा. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी बाईला अटक करता येत नाही. अपवाद असेल तर महिला अधिकाऱ्याने दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी काढायची. म्हणजे काकांना एक रात्र मिळाली. मग सकाळी सत्र न्यायालयात अटकपूर्व जामीन, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४८२. नुसता अर्ज टाकून अटक थांबत नाही, अंतरिम संरक्षण मिळावं लागतं. तेवढा ताण कथेला पुरे. आणि कोर्ट कुठे आहे? जुन्या सीबीएसपाशी, म्हणजे एसटीच्या जुन्या मध्यवर्ती स्टँडपाशी. जिथून ती पळणार होती, तिथेच.

द्राक्षबागवाली
अरे देवा. म्हणजे धरमपूर गेलं, दोन प्रकरणं गेली! पण सूर्योदय ते कोर्ट उघडेपर्यंत चार-पाच तास उरतात, ते कुठे काढायचे? त्र्यंबक रोडला एक मैत्रीण राहते...

पेठरोडकर
त्र्यंबक रोडला पोलीस अकादमी आहे बाई! राज्यातले फौजदार तिथे तयार होतात.

सिन्नरची सून
रामकुंड. सकाळी दशक्रिया आणि अस्थी विसर्जनाला कुठकुठली माणसं आलेली असतात. डोक्यावरून पदर ओढलेली बाई, शेजारी पंचा घेतलेला म्हातारा. चेहरा सुजलेला असला तरी कोण विचारणार? गुरुजी फक्त गोत्र विचारतील, तेवढं पाठ करून जा. तिथून कोर्ट चालत गाठता येतं.

जुना सीबीएस
वा! आणि सौदापावत्यांच्या कार्बन प्रती लाल फडक्यात बांधलेल्या मडक्यात. मडकं कोण उघडून बघतंय?

सिन्नरची सून
आमच्या सासूबाई वाचतात हो दिवाळी अंक. असलं मडकं रामकुंडावर नेलेलं त्यांना चालायचं नाही. पिशवीत ठेवा, वर पिंडाचं पीठ.

द्राक्षबागवाली
पीठ घेतलं. एकच विचारते. कोर्टात काकांनी साक्ष देताना आपला जुना धंदा सांगावा का?

जुना सीबीएस
गुप्तचर खात्यातून निवृत्त झालेल्यांना खात्याबद्दल परवानगीशिवाय काही छापता येत नाही. २०२१ मध्ये पेन्शनचे नियम तसे बदलले आहेत, पेन्शन अडू शकते. साक्षीचं वेगळं, पण हा माणूस सवयीनेच बोलायचा नाही. विचारलं तर "सचिवालयात होतो" म्हणू दे.