मदत हवी आहे: थंडीत वाळूच्या टेकड्यांवर मोटारसायकली आणि दोन रात्रींचा मुक्काम

नमस्कार मंडळी,

येत्या हिवाळ्यात आम्ही पाच जण चार मोटारसायकली आणि सामानासाठी एक फोर बाय फोर गाडी घेऊन वाळूच्या टेकड्यांमध्ये दोन रात्रींच्या मुक्कामाला जाणार आहोत. गेल्या हिवाळ्यात आम्ही तिथे एक रात्र काढली होती. तेव्हा झालेल्या चुकांपैकी काहींची कारणे मला नंतर उलगडली, काहींची अजून उलगडलेली नाहीत. या वेळी माझा धाकटा भाऊ पहिल्यांदाच वाळूत गाडी चालवणार आहे, त्यामुळे कोणतीही गोष्ट अंदाजावर सोडायची माझी तयारी नाही.

पहिला प्रश्न टायरमधल्या हवेचा आहे. गेल्या वेळी भर दुपारी आम्ही चारही गाड्यांची हवा १२ पीएसआयपर्यंत (दर चौरस इंचावर इतक्या पौंडांचा दाब) उतरवली आणि तोवर वाळूत रुतणाऱ्या गाड्या अलगद वर चालू लागल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र माझ्या मागच्या चाकाचा टायर रिमवरून सरकला, त्याबरोबर आतली ट्यूब ओढली गेली आणि व्हॉल्व्ह मुळापासून फाटला. बोटे इतकी बधिर झाली होती की व्हॉल्व्हची छोटी नट हातात धरली आहे की वाळूत पडली आहे, हे डोळ्यांनी पाहूनच कळत होते. बाकीच्या तीन गाड्यांना गेज लावला तेव्हा काटा १० च्या किंचित खाली दिसला. पंक्चर एकही नव्हते. घरी आल्यावर हिशेब केला, तर टायर दुपारच्या ३० अंशांवरून पहाटेच्या ५ अंशांवर येताना २ पीएसआयहून थोडी अधिक घट होणारच होती. मग वाळूसाठीची हवा सकाळच्या थंड टायरवर ठरवायची की दुपारच्या तापलेल्या? आणि ट्यूबच्या टायरला रिमलॉक, म्हणजे टायर रिमवर घट्ट दाबून धरणारी पकड, बसवल्यावर हा धोका खरोखर टळतो का?

दुसरा प्रश्न टेकडीच्या माथ्याचा, आणि माझ्या दृष्टीने हाच सर्वांत महत्त्वाचा आहे. वाऱ्याकडची बाजू लांब, मंद चढाची आणि घट्ट असते, तर वाऱ्याआडच्या बाजूला वाळू तिच्या ढळत्या कोनावर, म्हणजे साधारण ३२ ते ३४ अंशांवर, कशीबशी टेकलेली असते, हे मला वाचून ठाऊक होते. तरीही संध्याकाळी मावळतीचे ऊन डोळ्यांवर घेत चढताना आमच्यातल्या एकाला माथा संपल्याचे दिसलेच नाही. तो वेगात पलीकडे गेला, पुढचे चाक मऊ वाळूत घुसले आणि तो हँडलवरून फेकला गेला. खांद्याच्या मुका मारावर निभावले. चढायला वेग हवा आणि माथ्यावर थांबताही यायला हवे, हे नवख्या माणसाला कसे शिकवावे?

तिसरा प्रश्न मुक्कामाचा. वारा लागू नये म्हणून आम्ही दोन टेकड्यांमधल्या अगदी खोलगट जागी तंबू लावले. रात्री त्या खोलग्यात थंडी अशी साचली की वर चढून गेलेल्या मित्राला माथ्याजवळची हवा उबदार वाटली. तंबूच्या आतून पाणी ठिबकत होते, खुंट्या हाताने उपटून येत होत्या आणि पहाटे गॅसचा स्टोव्ह पेटेना, मात्र डबा हलवला की आत द्रव डुचमळल्याचे स्पष्ट जाणवत होते. तंबू कुठे लावावा आणि कशाला बांधावा?

इंधनाबद्दल फारसे विचारायचे नाही. रस्त्यावर ३०० किलोमीटर जाणारी टाकी वाळूत १७० किलोमीटरही पुरली नव्हती, त्यामुळे या वेळी चारचाकीत दुप्पट साठा घेणार आहोत.

आगाऊ आभार.

प्रतिसाद १

तुमच्या तिन्ही प्रश्नांचे मूळ एकच आहे असे मला वाटते. सहलीची आखणी किलोमीटरमध्ये करण्याऐवजी दिवसाच्या प्रहरांप्रमाणे केली, तर यातल्या बऱ्याच अडचणी उभ्याच राहत नाहीत.

हवा नेहमी सकाळी, गाडी सुरू करण्यापूर्वी मोजावी आणि थंड टायरवर १२ ठेवावी. दुपारी तीच १४ च्या वर गेलेली दिसेल. वाळू फारच मऊ लागली आणि तेव्हा हवा उतरवावी लागली, तर दुसऱ्या दिवशी निघण्याआधी पंपाने ती पुन्हा भरावी, मग कितीही घाई असो. रिमलॉक दोन्ही चाकांना बसवा. त्याने टायर रिमला घट्ट धरला जातो आणि धोका बराच कमी होतो, पण व्हॉल्व्हची नट रिमवर आवळून ठेवू नका. ती वर टोपणापर्यंत फिरवून ठेवली की टायर सरकू लागताच व्हॉल्व्ह तिरका झालेला दिसतो आणि तो फाटण्याआधी थांबता येते.

आता माथ्याविषयी. दव पडून ओलसर झालेली सकाळची वाळू घट्ट असते आणि कोवळ्या उन्हात प्रत्येक कड्याची सावली पडते, म्हणून नवख्याचा सराव त्याच वेळी घ्यावा. ढगाळ दिवशी सावल्या नाहीशा होतात, समोर नुसता एकसारखा पिवळा पट्टा दिसतो आणि उतार कुठे तुटतो ते कळत नाही. अशा दिवशी अनोळखी टेकडी आधी पायी चढून पाहिल्याशिवाय गाडी वर नेऊ नये. भावाला असे शिकवा की चढ सरळ घ्यायचा, उभे राहून, गुडघ्यांनी टाकी धरून, आणि माथा येण्याच्या थोडे आधी थ्रॉटल सोडायचा. वाळूच गाडीला ओढून धरते, पुढचा ब्रेक लावावाच लागत नाही. तीव्र बाजूने उतरायचेच असेल तर आडवे न जाता सरळ खाली, कमी गिअरमध्ये उतरावे, कारण आडव्या गाडीखालून वाळू निसटते. प्रत्येक गाडीला उंच लवचिक काठीवर झेंडा लावा. पलीकडून कोणी चढत असेल तर गाडीच्या आधी झेंडा दिसतो.

तंबूसाठी तळ टाळावा, कारण थंड हवा जड असल्यामुळे तिथेच उतरते, आणि तीव्र उताराचा पायथाही टाळावा, कारण वरून वाळू घसरत राहते. मधल्या उंचीवरचा, वाऱ्यापासून थोडा आडोसा असलेला सपाट खांदा शोधा. खुंट्यांऐवजी कापडी पिशव्या वाळूने भरून, त्यांच्या मध्यावर दोरी बांधून, हातभर खोल पुराव्यात. तंबूच्या झडपा थोड्या उघड्याच ठेवा, म्हणजे श्वासाची वाफ बाहेर जाईल. थंडी कितीही असली तरी तंबूत स्टोव्ह पेटवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. तुमचा डबा बहुधा ब्युटेनचा असावा. ते शून्याखाली अर्ध्या अंशाला द्रवरूपच राहते आणि शून्याच्या आसपासच त्याचा दाब इतका पडतो की ज्योत धरत नाही. आयसोब्युटेन आणि प्रोपेन यांचे मिश्रण असलेला डबा घ्या. आणि अंगाखाली फोमची चटई हवीच, कारण रात्री बरीचशी ऊब खालची वाळू शोषून घेते.

प्रतिसाद २

वरील उत्तराला एक पुस्ती जोडतो. वाळूत गाडी हाकताना थंडीतही माणूस घामाने निथळतो आणि थांबल्यावर तोच घाम घात करतो. ५ अंश तापमानात ताशी ४० किलोमीटर वारा असेल तर अंगाला शून्याच्या खाली उणे १ असल्यासारखे जाणवते, आणि हा हिशेब कोरड्या अंगाचा आहे. म्हणून मुक्कामावर पोहोचताच, हेल्मेट उतरवल्यावर पहिले काम आतला कपडा बदलण्याचे करावे, तंबू नंतर. सुती बनियन घालूच नये. थंडीत तहान लागत नाही, म्हणून प्रत्येक थांब्यावर पाणी ठरवून प्यावे. फोन आणि पॉवर बँक रात्री स्लीपिंग बॅगमध्ये ठेवावेत आणि शून्याखालच्या तापमानात त्यांना चार्जिंगला लावू नये. साइड स्टँडखाली ठेवायला लाकडाचे तळहाताएवढे तुकडे न्या. तसेच टेकड्यांचा कोणता भाग वाहनांना खुला आहे हे आधी विचारून घ्या, कारण वाळू धरून ठेवणारी झुडपे एकदा चिरडली गेली की लवकर उगवत नाहीत.

मूळ लेखक

दोघांचेही मनापासून आभार. प्रहरांप्रमाणे आखणी करण्याची सूचना मी मित्रांना वाचून दाखवली आणि त्याप्रमाणे बेत बदलला आहे. गाड्या सकाळी उजेड पसरल्यावर हवा मोजून निघतील, दुपारी तीनला जिथे असू तिथून मुक्कामाकडे वळतील आणि ऊन असतानाच तंबू उभे राहतील. यामुळे दुसऱ्या दिवशीचे अंतर जवळजवळ निम्मे झाले. त्याबद्दल एक मित्र थोडा नाराज आहे, पण गेल्या वेळी खांदा त्याचाच दुखावला होता, म्हणून त्यानेही मान्य केले.

एकच प्रश्न उरला. भावाची गाडी २०० किलोच्या घरात आहे आणि तो रस्त्यावर ती उत्तम चालवतो. त्याच्यासाठी हलकी गाडी पाहावी का?

प्रतिसाद १

हो, अवश्य पाहावी. पहिल्या दिवशी तो किमान दहा वेळा पडेल आणि गाडी दर वेळी त्यालाच उचलायची आहे. २०० किलोची गाडी मऊ वाळूतून चौथ्यांदा उचलेपर्यंत हात थरथरू लागतात, आणि त्यानंतर होणारी चूक सरावाच्या अभावामुळे नव्हे, तर थकव्यामुळे होते. हलकी गाडी मिळाली नाही, तर पहिली सकाळ त्याला सपाट वाळूवरच ठेवा, तुमच्यापैकी एकाने पूर्ण वेळ त्याच्यासोबत थांबा आणि माथ्यावर जाणे दुसऱ्या सकाळवर ढकला.