मदत हवी आहे: कॅलासची 'नॉर्मा' कुठली घ्यावी?

मंडळी, ऑपेरा गायिका मारिया कॅलासच्या आवाजात बेलिनीचा 'नॉर्मा' हा ऑपेरा पूर्ण ऐकायचा आहे. तिची स्टुडिओतली दोन ध्वनिमुद्रणं आहेत, 1954 चं मोनो आणि 1960 चं स्टिरिओ. दोन्हींचा वाद्यवृंद-संचालक तुल्लिओ सेराफिनच. त्यातलं नायिका नॉर्माचं प्रसिद्ध गाणं 'कास्ता दीवा' मी दोन्हींतून पुन्हा पुन्हा ऐकलं. 1954 मध्ये आवाज भरदार आणि निर्धोक आहे. 1960 मध्ये वरचे सूर हेलकावतात, काही ठिकाणी कानाला टोचतातही, पण तिथली नॉर्मा मला जास्त दुखावलेली, जास्त खरी वाटते. शिवाय सोबत गायला क्रिस्टा लुडविग आणि फ्रँको कोरेल्ली. रेकॉर्ड एकच घेणं परवडेल, म्हणून विचारतोय: पहिल्यांदा संपूर्ण ऐकणाऱ्यानं कुठून सुरुवात करावी?

दुसरा प्रश्न जोन सदरलँड या दुसऱ्या ऑपेरा गायिकेबद्दल. तिच्या 1964 च्या 'नॉर्मा'च्या ध्वनिमुद्रणात 'कास्ता दीवा' मूळ जी मेजर पट्टीत आहे, एरवी बहुतेक गायिका ते एका सुरानं खाली, एफमध्ये गातात. तिचे ट्रिल (दोन शेजारच्या सुरांची जलद आलटापालट) थक्क करतात, शब्द मात्र पुसट लागतात. हे उंच पट्टीमुळे होतं की तिची गायनाची पद्धतच तशी? आवाजसाधनेतल्या जाणकारांनी जरूर सांगावं.

आणि इटालियन संहिता ओळीओळीच्या अर्थासह कुठे मिळेल? इंग्रजी अर्थ असला तरी चालेल. अर्थ समोर ठेवूनच ऐकायचं आहे, कारण कॅलासचं निम्मं गाणं शब्दफेकीत आहे असं माझं ठाम मत झालंय.