घरी वाजवायला आणि रेकॉर्डिंगला मोठा अरेंजर: जेनोस २, पीए५एक्स की एसएक्स९२०?

पांढरी_एक

नमस्कार मंडळी. भावगीतं, अभंग, थोडी नाट्यपदं आणि जुनी हिंदी गाणी घरी वाजवायची आणि त्यावर गाणाऱ्याचा आवाज चढवून नीट रेकॉर्डिंग करायचं, एवढ्यासाठी अरेंजर (डाव्या हाताच्या कॉर्डवर आपोआप साथ देणारा कीबोर्ड) घ्यायचा आहे. कार्यक्रमांना न्यायचा नाही. यामाहा जेनोस २, कॉर्ग पीए५एक्स आणि यामाहा पीएसआर-एसएक्स९२० यांत अडकलोय. घरात दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (लॅपटॉपला आवाज पोचवणारं उपकरण), एक कंडेन्सर माइक आणि लॅपटॉप आहे.

अडचण अशी की दुकानात सगळे पियानो आणि सॅक्सोफोन वाजवून दाखवतात. केरवा, दादरा, रूपक यांचं काय, ते कोणी सांगत नाही. ६१ पट्ट्या पुरतील का? आणि सगळे पैसे कीबोर्डमध्येच घालावेत का?

ठेका_आधी

आधी एक गोष्ट पक्की करा. यांतला कुठलाही घेतलात तरी आपल्या गाण्यांचे ठेके बऱ्याच अंशी स्वतःच बनवावे लागतील. त्यामुळे आत किती आवाज आहेत यापेक्षा स्टाईल (साथीचा साचा) बनवायचं पान तुमच्या हाताला किती बसतं ते महत्त्वाचं.

यामाहाच्या स्टाईलमध्ये आठ चॅनेल असतात: ऱ्हिदम दोन, बास, कॉर्ड दोन, पॅड आणि फ्रेज दोन. कॉर्गमध्येही आठच: ड्रम, पर्कशन, बास आणि साथीचे पाच. तबला-डग्गा एका ऱ्हिदम चॅनेलवर आणि टाळ, घुंगरू, खंजिरी दुसऱ्यावर ठेवा. म्हणजे अभंगात टाळ नुसता बंद-चालू करता येतो.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो मात्रांच्या हिशेबात. भजनी ठेका आठ मात्रांचा म्हणून लोक ४/४ चे दोन बार घेतात. यामाहात फिल-इन (मधला छोटा तुकडा) एकाच बारचा असतो आणि तो संपला की मेन (मुख्य ठेका) पहिल्यापासून सुरू होतो. पहिल्या बारमध्ये फिल दाबलात की चार मात्रांत सम येते. गाणारा अजून पाचव्या मात्रेवर असतो आणि तबला समेवर! म्हणून एक आवर्तन एकाच बारमध्ये बसवा. आठ मात्रा म्हणजे ४/४ मधल्या आठ एट्थ नोट, दादऱ्याला ६/८, रूपकाला ७/८, झपतालाला ५/४ मध्ये दहा एट्थ. टेम्पोचा आकडा निम्मा होतो, एवढं ध्यानात ठेवा. मिनिटाला १२० मात्रांचा केरवा हवा तर टेम्पो ६०. आणि टाइम सिग्नेचर रिकाम्या स्टाईलवरच ठरवून टाका, भरलेल्या स्टाईलचं बदलायला गेलात तर भरलेलं पुसावं लागतं.

क्वांटाइझ (वाजवलेले ठोके अचूक मात्रेवर सरकवणं) १०० टक्के करू नका. केरव्याची चाल दुसऱ्या आणि सहाव्या मात्रेच्या किंचित मागेपुढे होण्यात असते, ती सरळ केली की ठेका शिवणयंत्रासारखा वाजतो. ५०-६० टक्के ताकद पुरे. समेचा 'धा' सोडून बाकीचे बोल १०-१५ व्हेलॉसिटीने (जोराच्या आकड्याने) खाली ठेवा.

यामाहात बास आणि फ्रेज भरताना मूळ कॉर्ड सी मेजर सेव्हन धरलेला असतो. म्हणजे सा, रे, ग, प, ध, नी यांतच भरा आणि शुद्ध म टाळा. म घातलात तर तो पुढे दुसऱ्या कॉर्डवर भलत्याच सुरात जाऊन बसतो आणि चूक कुठे झाली ते सापडत नाही.

तानपुरा ठेवायचा असेल तर त्या चॅनेलच्या, कॉर्डप्रमाणे सूर बदलण्याच्या सेटिंगमध्ये एनटीआर 'रूट फिक्स्ड' आणि एनटीटी 'बायपास' करा. डाव्या हाताने कुठलाही कॉर्ड धरा, सा-प जागचे हलत नाहीत. दुसरा मार्ग मल्टी पॅडचा (बटणावर वाजणारे छोटे तुकडे): रिपीट चालू, कॉर्ड मॅच बंद. हा जास्त सोयीचा, कारण ठेका थांबला तरी तानपुरा चालू ठेवता येतो. आलापीला हेच हवं असतं.

भैरव, तोडी अंगाच्या चालींना मेजर-मायनर कॉर्ड खुपतात. तिथे फिंगर्ड (कॉर्डचे सूर स्वतः दाबायच्या) पद्धतीत डाव्या हाताने फक्त सा आणि प दाबा. यामाहा ते '१+५' म्हणून ओळखतो आणि साथीत गंधार वाजतच नाही.

सब_आउट

रेकॉर्डिंगचं सांगतो. दोन इनपुटचा इंटरफेस अपुरा पडेल. कीबोर्डचे डावा-उजवा जोडले की दोन्ही इनपुट संपले, माइकला जागा नाही. एक तर आधी साथ रेकॉर्ड करून मग गाणं चढवा किंवा चार इनपुटचा इंटरफेस घ्या. माइक कीबोर्डच्या माइक जॅकमध्ये लावून कीबोर्डवरच ऑडिओ रेकॉर्ड करण्याचा मोह होईल. आवाज आणि साथ एकाच स्टिरिओ फाइलमध्ये मिसळतात, मग गाणं थोडं वर आणायचं म्हटलं तर उपाय राहत नाही.

जेनोसला मुख्य जोडीशिवाय सबचे (वेगळ्या आउटपुटचे) चार जॅक आहेत, एसएक्स मालिकेच्या वरच्या मॉडेलना दोन. लाइन आउटच्या पानावर जाऊन तबला सब १-२ वर काढता येतो. मात्र सबमधून सिस्टीम रिव्हर्ब (सगळ्यांना मिळून दिलेला घुमार) जात नाही, फक्त इन्सर्शन इफेक्ट (त्या एका आवाजापुरता) जातो. तबला एकदम कोरडा ऐकू आला तर बिघाड समजू नका. रेकॉर्डिंगला ते बरंच आहे, रिव्हर्ब लॅपटॉपवर द्या.

सब जॅक कमी असले तरी ट्रॅक वेगळे काढता येतात. गाणं आधी कीबोर्डवर मिडी (आवाज नव्हे, वाजवलेल्या सुरांची नोंद) म्हणून रेकॉर्ड करा आणि चुकलेले कॉर्ड तिथेच दुरुस्त करा. सुरुवातीला एक रिकामा बार सोडून त्याच्या पहिल्या मात्रेवर रिमचा एक ठोका टाका. हा ठोका त्या-त्या फेरीत वाजणाऱ्या चॅनेलवर हवा. मग मिक्सरमध्ये बाकीचं बंद करून चार फेऱ्या काढा: ताल, बास, कॉर्ड आणि पॅड, उजवा हात. लॅपटॉपवर चारही ट्रॅक ठोक्याच्या टोकाला टोक लावून जुळवा. चार मिनिटांच्या गाण्याला वीस-पंचवीस मिनिटं जातात, पण मिक्स हातात राहतो.

पातळी: कीबोर्डचा मास्टर व्हॉल्यूम तीन चतुर्थांशावर ठेवून तिथेच सोडा, कारण लाइन आउटची पातळी त्याच्यावर चालते. इंटरफेसचं इनपुट 'लाइन' वर हवं, माइक किंवा गिटारवर नको. सर्वांत जोरकस जागा उणे १२ ते उणे ६ डेसिबलमध्ये येऊ द्या.

पैशांचं म्हणाल तर जेनोस २ आणि पीए५एक्स दोन्हींना अंगचे स्पीकर नाहीत, एसएक्स९२० ला आहेत. मोठा घेतलात तर मॉनिटर स्पीकरची जोडी हिशेबात धराच. साध्या होम थिएटरवर वाजवून डग्ग्याची पातळी ठरवलीत तर मिक्स दुसरीकडे हमखास पोकळ वाजतो.

काळी_चार

ठेका_आधी यांच्याशी अर्धाच सहमत. रेकॉर्डिंगच करायचं असेल तर तबला लॅपटॉपवरच्या चांगल्या सॅम्पल लायब्ररीतून किंवा खऱ्या तबलजीकडून घ्यावा. अरेंजरवरचा तबला चाल बसवण्यापुरता ठीक. मोठ्या मॉडेलला पैसे मोजायचे ते उजव्या हातासाठी: व्हायोलिनचे समूह, बासरी, सतारीच्या जागा आणि आफ्टरटच. जेनोस २ आणि पीए५एक्सवर पट्टी दाबून ठेवत जोर वाढवला की आवाजाला आंदोलन देता येतं. शहनाई-बासरीला याने जीव येतो.

मींडेसाठी पिच बेंडवर विसंबू नका. आवाज 'मोनो' (एका वेळी एकच सूर) करा, पोर्टामेंटो (सुरावरून सुरावर घसरणं) थोडा वाढवा आणि पहिली पट्टी सोडायच्या आत दुसरी दाबा. सुटी दाबलीत तर मींड तुटते.

६१ की ७६ याचा हिशेब सरळ आहे. कॉर्डसाठी नेहमीचा स्प्लिट (डावा-उजवा भाग वेगळा होण्याची जागा) एफ शार्प २ या पट्टीवर असतो. ६१ पट्ट्यांत डावीकडे १९ जातात आणि उजवीकडे ४२ उरतात, म्हणजे साडेतीन सप्तकं. ७६ मध्ये ४९ उरतात. गाण्याच्या चालीला ४२ पुरतात. वर दुसरा स्प्लिट करून बासरी आणि व्हायोलिन वेगळे वाजवायचे असतील तरच ६१ अपुऱ्या वाटतील. पीए५एक्स ६१, ७६ आणि ८८ अशा तिन्हींत मिळतो, जेनोस २ फक्त ७६ मध्ये.

काळी चार (जी शार्प) मध्ये गाणारीला साथ करताना सीमध्ये वाजवून ट्रान्सपोज उणे ४ करा. अधिक ८ केलंत तर सूर तोच येतो, पण अख्खी साथ किंचाळते.

आणि तानपुऱ्यावर हार्मोनियमचा आवाज टोचत असेल तर स्केल ट्यून (प्रत्येक सुराची बारीक जुळवणी) वापरा. सा हा पाया धरून रे अधिक ४ सेंट (सेंट म्हणजे लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग), ग उणे १४, म उणे २, प अधिक २, ध उणे १६, नी उणे १२. पण हे फक्त उजव्या हाताच्या भागाला लावा. स्टाईललाही लावलंत तर रे वरच्या कॉर्डचा पंचम, म्हणजे ध, ७०२ ऐवजी ६८० सेंटवर येतो आणि कॉर्ड बेसूर होतो.

पांढरी_एक

सगळ्यांचे आभार, निम्मी उत्तरं मिळाली. तूर्त एक उसना कीबोर्ड घरी आहे. यूएसबीने लॅपटॉपला जोडला की प्रत्येक सूर दुहेरी वाजतो, आणि ऑडिओची केबल लावली की बारीक घरघर येते. कीबोर्ड बिघडलाय का? आणि नेटवर मिळालेली एक केरव्याची स्टाईल टाकली तर तबल्याच्या जागी ड्रमसेट वाजला.

सब_आउट

कीबोर्ड ठीक आहे. सूर दुहेरी येतो कारण एकदा कीबोर्ड स्वतः वाजतो आणि लॅपटॉपचं सॉफ्टवेअर तीच मिडी परत पाठवतं म्हणून दुसऱ्यांदा वाजतो. सॉफ्टवेअरमधला मिडी थ्रू बंद करा किंवा कीबोर्डचा लोकल कंट्रोल (पट्टी दाबल्यावर कीबोर्डने स्वतः वाजणं) बंद करा. दोन्ही बंद केलेत तर काहीच वाजणार नाही, मग पुन्हा घाबराल. लोकल बंद केला असेल तर काम झाल्यावर चालू करून ठेवा.

घरघर ग्राउंड लूपची आहे. यूएसबी आणि ऑडिओ केबल अशा दोन वाटांनी अर्थिंग जुळतं. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, घरघर थांबली तर कारण तेच. कीबोर्ड, लॅपटॉप आणि स्पीकर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. तेवढ्याने भागलं नाही तर दोन चॅनेलचा ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स मध्ये घालून त्याचं ग्राउंड लिफ्ट दाबा. प्लगची अर्थिंगची पिन मोडून घरघर घालवायचा उपाय कोणी सुचवला तर ऐकू नका, त्याने शॉक बसू शकतो.

ठेका_आधी

स्टाईल फाइलमध्ये तबल्याचा आवाज नसतो, फक्त कुठला किट (तालवाद्यांचा संच) वाजवायचा त्याचा क्रमांक असतो. तो किट कीबोर्डमध्ये नसला की जवळचा पाश्चात्त्य किट वाजतो. भारतीय पॅक (जास्तीच्या आवाजांचा संच) टाकल्यावर किट हाताने निवडून स्टाईल पुन्हा सेव्ह करा.

यामाहात पॅक टाकताना एक खड्डा आहे. कीबोर्डमधून एन२७ ही माहितीची फाइल पेनड्राइव्हवर काढायची, ती कॉम्प्युटरवरच्या एक्सपान्शन मॅनेजर या यामाहाच्या सॉफ्टवेअरला द्यायची, तिथून इन्स्टॉल फाइल बनवून कीबोर्डमध्ये भरायची. नवी फाइल भरली की आधीचे सगळे पॅक जातात. म्हणून जुने-नवे पॅक मॅनेजरमध्ये एकत्र निवडूनच फाइल बनवा. जागेचाही विचार करा, जेनोस २ मध्ये एक्सपान्शनला ३ जीबी आहे.

आता दुकानात जाल तेव्हा डेमोचं बटण कोणाला दाबू देऊ नका. स्वतःचे हेडफोन न्या. रिकामी स्टाईल उघडून ७/८ लावा आणि रूपकाचं एक आवर्तन तबल्यावर भरा: ती ती ना धी ना धी ना. मग चालू ठेक्यात चौथ्या मात्रेवर फिल दाबून सम कुठे येते ते मोजा. हे यामाहावर आणि कॉर्गवर दोन्हीकडे करा. मदतीशिवाय पंधरा मिनिटांत ज्या कीबोर्डवर जमेल तो तुमचा. एसएक्स९२० वरही तितक्याच सहज जमलं आणि आफ्टरटचवाचून अडत नसेल, तर उरलेल्या पैशात चार इनपुटचा इंटरफेस आणि मॉनिटर आधी घ्या.

परदेशातून कोणी आणून देणार असेल तर मागच्या पट्टीवर छापलेलं व्होल्टेज वाचायला सांगा. फक्त १२० व्होल्टचा असला तर इथे २३० वर थेट लावता येणार नाही.

काळी_चार

आणि स्टँड दणकट घ्या. जेनोस २ चं वजन १३-१४ किलो आहे. हलक्या एक्स स्टँडवर डाव्या हाताने जोरात कॉर्ड धरला की कीबोर्ड डुलतो आणि त्या स्टँडला लावलेला माइक ते सगळं ऐकतो.