बाबांची खुडबुड : तुमच्याही आठवणी सांगा

मोटर रिवाइंडिंगचा, म्हणजे जळालेल्या मोटरमध्ये नवी तार गुंडाळून देण्याचा छोटासा धंदा बाबांनी आयुष्यभर एकट्याच्या हिमतीवर चालवला. ते गेल्यावर भेटायला आलेल्या प्रत्येकाकडे त्यांची एखादी आठवण निघाली, आम्हा घरच्यांना ठाऊकच नसलेली. त्या एका जागी राहाव्यात म्हणून हा धागा. त्यांच्याशी संबंध आलेल्यांनी लिहावंच, आणि तुमच्या माहितीत दुसरं कुणी असं खटपटं माणूस असेल तर त्याच्याबद्दलही लिहा.

सुरुवात मी करते. कॉइल गुंडाळताना वेढे मोजावे लागतात आणि मध्येच कुणी हाक मारली की आकडा चुकतो. बाबांनी साधा कॅल्क्युलेटर उघडला, 'बरोबर'च्या बटणाखालून दोन वायरी काढून रीड स्विचला (चुंबक जवळ आलं की आपोआप जुळणारा स्विच) जोडल्या आणि गुंडाळायच्या चकतीवर लोहचुंबक चिकटवलं. आधी एक आणि अधिक ही बटणं दाबायची, मग चकती फिरवायची. चुंबक स्विचजवळून गेलं की आकडा एकाने वाढायचा. बाबा त्या दिवशी जेवायला उठेनात!

—

मी काकांच्या हाताखाली शिकलो. जळालेली मोटर आली की नवखा माणूस आधी तार कापायला धावतो. काका हात धरायचे. जुने वेढे मोज, तारेचा गेज, म्हणजे जाडी बघ, कोणती कॉइल कोणत्या खाचेत बसलीय ते वहीत काढ, मग कात्री उचल. बेअरिंगचा नंबर वाचायलाही त्यांनीच शिकवलं. शेवटचे दोन आकडे 04 किंवा पुढचे असले की पाचाने गुणायचं, आतलं भोक तेवढ्या मिलिमीटरचं. 6204 म्हणजे 20. पण 6202 चं भोक 15 चं, तिथे हा हिशेब चालत नाही, ते पाठच करायचं. त्यांची एक वही माझ्याकडे आहे, ताई.

—

आमचा पंखा रेंगाळायचा. वाइंडिंग, म्हणजे आतली गुंडाळलेली तार गेलीय, असं मला एकांनी सांगितलं होतं. काकांनी कपॅसिटर काढून मीटरला लावला. अडीच मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जेमतेम दीड दाखवत होता. तो बदलला आणि पंखा पळायला लागला. मी निघाले, तर म्हणाले, "थांबा, का बिघडला ते ऐकून जा." घरातल्या एका फेजच्या विजेवर मोटरमधलं चुंबकीय क्षेत्र नुसतं जागच्या जागी कमी-जास्त होतं, फिरत नाही. कपॅसिटर दुसऱ्या वाइंडिंगमधला प्रवाह थोडा पुढे सरकवतो, तेव्हा कुठे ते फिरतं आणि पंख्याला फिरवतं. मी विज्ञान शिकवते, आणि वर्गात हे आजही त्यांच्याच शब्दांत सांगते.

—

माझी मावशी शिलाई मशीन दुरुस्त करायची. टाके सुटतात म्हणून लोक अख्खं मशीन खोलायला सांगत. ती आधी सुई बदलून बघायची, आणि बरेचदा काम तिथेच संपायचं. त्याचे पैसे ती घेत नसे.

—

मी त्यांना तांब्याची तार पुरवायचो. धंदा म्हणून बघितलं तर हा माणूस कच्चाच. वॉल्व्हच्या एखाद्या जुन्या रेडिओत डोकं घातलं की मोटरवाले बाहेर ताटकळत उभे. पण उधारी कधी थकवली नाही, आणि त्यांनी नवी तार भरलेली मोटर पुन्हा जळून आल्याचं मी तरी पाहिलं नाही.

—

दादा, वही तुमच्याकडेच राहू दे, पानांचे फोटो तेवढे पाठवा. आणि तो वॉल्व्हचा रेडिओ अजून बाकावर आहे. कुणाचा आहे ते कळवा. वाजतोय तो.