टॅरोटचा पार कंटाळा आलाय, डेकला हात लावावासा वाटत नाही

चंद्रकोर
चार वर्षं झाली टॅरोट करतेय, म्हणजे चित्रांची कार्डं काढून त्यावरून अर्थ लावणं. सुरुवातीला रोज सकाळी एक कार्ड काढायचे, वहीत लिहायचे, नुसतं वेड लागलं होतं. आता पाच महिने डेक, म्हणजे कार्डांचा संच, फडक्यात गुंडाळून ड्रॉवरमध्ये पडलाय. मध्ये एकदा जबरदस्तीने पिसून कार्ड काढलं तर फोर ऑफ कप्स, म्हणजे तो झाडाखाली हाताची घडी घालून बसलेला माणूस, समोर तीन कप आणि ढगातून चौथा पुढे केलाय तरी ढुंकून बघत नाही. म्हटलं हा तर माझाच फोटो, दिलं परत ठेवून. कार्ड बघितलं की पाठ केलेला अर्थ लगेच डोक्यात येतो आणि तिथेच गाडी थांबते. त्यात मैत्रिणींचे मेसेज, "तो परत येईल का, एक कार्ड काढ ना". विकून टाकू का डेक?

जुनी_वही
विकू नको गं बाई, मी एक विकला आणि मग हळहळत बसले. मला तर वाटतं तुला टॅरोटचा नाही, त्या मेसेजचा कंटाळा आलाय. माझ्याकडे एक जण आठवड्यात तीनदा तोच प्रश्न घेऊन यायची, हवं ते उत्तर आलं नाही की "परत पिस ना". शेवटी मी बोलायला लागले होते ती कार्डं बघून नाही, तिचं तोंड बघून. दोन महिने कुणासाठी म्हणजे कुणासाठी कार्ड काढायचं नाही असं ठरवलं. एकदोघी रुसल्या. रुसू देत.

चित्रवेडा
तुझ्या वर्णनावरून डेक रायडर वेटचा दिसतोय, नाहीतर त्यावरून काढलेला. ती चित्रं पामेला कोलमन स्मिथची, 1909 सालची. (नाव लागलं प्रकाशक रायडरचं आणि डेकची कल्पना मांडणाऱ्या वेटचं, जिने सगळं काढलं तिची फक्त कोपऱ्यात वळणावळणाची सही.) मार्सेय नावाच्या जुन्या फ्रेंच धाटणीच्या डेकमध्ये फोर ऑफ कप्स म्हणजे चार कप, बास, माणूस नाही की झाड नाही. पामेलाने अशा छोट्या, आकड्यांच्या कार्डांमध्येसुद्धा प्रसंग घातले आणि आपण ते सोडून अर्थ घोकत बसतो. मी काय करतो सांगू, कार्डाच्या नावावर अंगठा ठेवायचा आणि दहा मिनिटं जे दिसतंय तेवढंच मोठ्याने बोलायचं, "म्हणजे" हा शब्द आला की बाद. नाइन ऑफ पेंटॅकल्समध्ये त्या बाईच्या हातावर टोपी घातलेला ससाणा आहे तो सगळ्यांना दिसतो, पण खाली जमिनीवर गोगलगाय आहे ती मला सहाव्या वर्षी दिसली. सहाव्या!

हुकमाचं_पान
मी भविष्य वगैरे मानत नाही, आधीच सांगतो, शिव्या घालू नका. पण टॅरोट हा मुळात पत्त्यांचा खेळ, पंधराव्या शतकात उत्तर इटलीत सुरू झाला, भविष्य बघणं बोकाळलं ते अठराव्या शतकाच्या शेवटी शेवटी. ते मेजर अर्काना मेजर अर्काना करता ना, म्हणजे ती 22 मोठी कार्डं, त्यातले 21 म्हणजे चक्क हुकूम आहेत. फ्रान्समध्ये अजून खेळतात. चौघांना 18-18 पानं वाटायची, सहा बाजूला, झाली 78. आणि उरलेला बाविसावा 'द फूल', म्हणजे मूर्ख, हातात असेल तर मजाच, तो टाकला की उतारीचं पान द्यायची सक्ती नाही. त्यांचा डेक वेगळा असतो पण तुझ्या डेकवरही डाव पडतो. चार टाळकी जमव आणि खेळ, दडपण तरी जाईल.

जुनी_वही
@हुकमाचं_पान माझा डेक कोणी असा आपटून आपटून खेळला तर मी त्याला आपटेन 😄

चंद्रकोर
काल रात्री अंगठ्याचा प्रकार केला. एट ऑफ कप्स आलं. लाल कपड्यातला माणूस काठी घेऊन पाठ फिरवून चाललाय, आणि याचा अर्थ मला झोपेत विचारला तरी सांगेन, पण बोलत बसले तेव्हा कळलं की खाली पाच कप आहेत आणि वरच्या रांगेत तीन, मध्ये जागा सोडलीये, एक कप काढून नेल्यासारखी. चार वर्षांत कधी दिसली नव्हती. तीन पानं लिहिली वहीत, अर्थ एकही नाही. डेक विकत नाहीये सध्या. मैत्रिणींना अजून काही सांगितलं नाही, हिंमत होत नाहीये.
आणि @हुकमाचं_पान, मला पत्त्यांत रमीपलीकडे काही येत नाही, ते उतारीचं प्रकरण जरा नीट सांगा ना.