सहकारी बँकेत मनी लाँड्रिंगविरोधी प्रशिक्षण: शाखेत नेमकं काय शिकवायचं?

अनुपालन_सांगली
नमस्कार. आमची नागरी सहकारी बँक, १४ शाखा. दरवर्षी केवायसी-एएमएलचं (ग्राहकाची ओळख पडताळणं आणि मनी लाँड्रिंग रोखणं) दोन तासांचं प्रशिक्षण होतं: कायदा कधी आला, मनी लाँड्रिंगचे तीन टप्पे कोणते, दंड किती. हजेरी पूर्ण, चाचणीत सगळे पास. पण शाखेतून कुणी स्वतःहून संशय कळवल्याचं क्वचितच दिसतं. जे येतं ते सॉफ्टवेअरच्या अलर्टमधूनच. यंदा कार्यक्रम मुळापासून बदलायचा आहे. रोखपाल, खाती उघडणारे, शाखाधिकारी आणि मुख्य कार्यालयात अलर्ट तपासणारे, यांना काय आणि किती शिकवावं? बाहेरची प्रमाणपत्रं कुणाला करायला लावावीत?

काउंटर_ते_एफआययू
सगळ्यांना एका हॉलमध्ये बसवणं आधी थांबवा. काउंटरवरचे, अनुपालनाचे आणि नवीन ग्राहक हाताळणारे यांच्या प्रशिक्षणाचा भर वेगळा असावा, हे रिझर्व्ह बँकेच्या केवायसी निर्देशांतच आहे.

रोखपालाला कलमं नकोत. ४५ मिनिटं द्या, चार-पाच प्रसंग द्या आणि प्रत्येकाला एकच प्रश्न: आता काय कराल? उदाहरणार्थ, धान्याचा व्यापारी एका महिन्यात ४ लाख, साडेतीन लाख आणि ३ लाख रोख भरतो. एकही भरणा १० लाखांचा नाही, पण एकमेकांशी जोडलेल्या भरण्यांची महिन्याची बेरीज १० लाखांच्या वर गेली, म्हणून हे सीटीआरमध्ये, म्हणजे केंद्राच्या एफआययूला (वित्तीय गुप्तवार्ता विभागाला) द्यायच्या रोख व्यवहारांच्या अहवालात जातं, पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत. दुसऱ्यानं ६ लाख भरले आणि ५ लाख काढले, तर? जात नाही, कारण भरणा आणि उचल यांची बेरीज वेगवेगळी धरतात. इथे निम्मे लोक चुकतात, म्हणून हे कागदावर सोडवून घ्याच.

मग खरा प्रसंग घ्या. गिऱ्हाईक ११ लाख घेऊन येतं, ‘एवढ्यावर काही रिपोर्ट जातो का?’ विचारतं आणि २ लाख परत खिशात घालून ९ भरतं. सीटीआरची मर्यादा ओलांडली नाही म्हणून रोखपाल गप्प बसतो. एसटीआरला, म्हणजे संशयास्पद व्यवहाराच्या अहवालाला, रकमेची मर्यादाच नाही, आणि अर्धवट सोडलेला किंवा नुसता प्रयत्न झालेला व्यवहारही त्यात येतो. हे एक वाक्य रोखपालाच्या डोक्यात पक्कं बसलं तरी पुष्कळ.

रोज ४९ हजार भरणाराही दाखवा. ५० हजारांखालच्या नोंदींचा तपशील सीटीआरमध्ये द्यावा लागत नाही, त्यामुळे असं खातं तिथे पुसटच उमटतं. ते काउंटरवरच लक्षात यायला हवं.

भाड्यानं दिलेल्या खात्यांना (पैसे घेऊन दुसऱ्याला वापरायला दिलेल्या) वेगळा वेळ ठेवा, तो मोठा धोका आहे. खाती उघडणाऱ्यांना या खुणा शिकवा: तीन-चार तरुण एकाच माणसाबरोबर येतात आणि फॉर्म तोच भरतो, वेगवेगळ्या खात्यांना एकच मोबाइल नंबर, विद्यार्थ्याच्या नावावर चालू खातं, पण दुकानाचा पत्ता सांगता येत नाही, उघडल्यावर आठवडाभरात मोबाइल नंबर बदलायचा अर्ज. पुढे त्याच खात्यात आधी १ रुपयाची चाचणी येते आणि मग एका दिवसात कितीतरी अनोळखी यूपीआय जमा.

आणि गुप्तता. ‘साहेब, तुमच्या खात्याचा रिपोर्ट वर गेलाय’ असं ओळखीच्या खातेदाराला सांगणं म्हणजे नियमभंग. कागदपत्रं मागितल्यानं तो सावध होईल असं वाटलं, तर ती मागायचा आग्रह सोडून थेट एसटीआर द्यायचा, असं निर्देशांतच आहे. शाखाधिकाऱ्यांना हे फारसं माहीत नसतं.

संशयाचा_आधार
मुख्य कार्यालयातल्या तपासणाऱ्यांना एकच गोष्ट शिकवायची असेल तर लिहायला शिकवा. फिनगेटवर (एफआययूच्या पोर्टलवर) गेलेल्या एसटीआरचा जीव संशयाच्या आधाराच्या मजकुरात असतो. ‘व्यवहार खातेदाराच्या उत्पन्नाशी सुसंगत नाहीत’ हे वाक्य चिकटवलेला अहवाल वाचणाऱ्याच्या काहीच कामाचा नाही. त्याऐवजी असं हवं:

‘खातेदार २१ वर्षांचा, नोंदीनुसार विद्यार्थी, वार्षिक उत्पन्न ९० हजार. खातं मार्चमध्ये उघडलं, जूनअखेर ३ व्यवहार. २ ते ५ जुलै दरम्यान ६३ व्यक्तींकडून यूपीआयने ७ लाख ४० हजार जमा. त्यातले ७ लाख २८ हजार त्या-त्या दिवशीच आयएमपीएसने दोन खात्यांत वळते. तीच दोन खाती आमच्या आणखी ४ ग्राहकांच्या व्यवहारांत दिसतात. पैसे कशाचे, हे खातेदाराला सांगता आलं नाही.’

कोण, कधी, किती, कुठून कुठे आणि खटकलं काय. प्रत्येकाकडून असे पाच उतारे लिहून घ्या आणि लाल पेनाने तपासा. पूर्ण दिवस याला गेला तरी चालेल.

तितकंच महत्त्वाचं: अलर्ट बंद करताना लिहिलेलं कारण. ‘ग्राहक जुना व ओळखीचा’ हे कारण नव्हे. तासगावच्या बागायतदाराच्या खात्यात हंगामात मोठी रक्कम आली की सॉफ्टवेअर ओरडणारच. बेदाण्याच्या सौद्याची पट्टी आणि अडत्याच्या खात्यातून आलेला एनईएफटी जुळला की तसं लिहून बंद करा. ऊसबिल कारखान्याकडून थेट जमा होतं, त्याचंही तसंच. याउलट दोन एकरांचा सातबारा दाखवून वर्षभर रोखीनं ‘शेतीचं उत्पन्न’ भरणारा आला, तर पीक, क्षेत्र आणि बाजारभाव यांचा हिशेब मांडायला शिकवा. एवढा माल त्या जमिनीत पिकतो का, हे सांगली-जतचा कर्मचारी सॉफ्टवेअरपेक्षा चांगलं सांगेल.

मुदतीबद्दल: व्यवहार संशयास्पद आहे अशी खात्री झाली की एसटीआर तत्परतेनं द्यायचा. काही ठिकाणी ‘अजून खात्री झाली नाही’ म्हणत अलर्ट महिनोन्‌महिने पडून राहतात. तपासणीत हेच आधी विचारतात. अलर्ट किती दिवसांत निकाली काढायचा, याची मर्यादा तुमच्या धोरणात लिहून ठेवा.

यादी_जुळवणी
नावांच्या जुळवणीचा तास विसरू नका. संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंध याद्या रोज तपासायच्या असतात. पण खात्यात नाव ‘एस. बी. शेख’ एवढंच असेल तर जुळणी काय होणार? शेखचं इंग्रजी स्पेलिंग चार तऱ्हांनी लिहितात, गोव्याकडच्या डिसूझांचंही तेच. खातं उघडतानाच पूर्ण नाव, वडिलांचं नाव आणि जन्मतारीख भरायची सवय लावा. नाव जुळलं की हे तपशील आणि जन्मठिकाण ताडून बघायचं आणि निष्कर्ष लिहून ठेवायचा. नुसतं ‘फॉल्स’ (चुकीची जुळणी) वर टिक करून पुढे जायचं नाही.

अनुपालन_सांगली
फार उपयोगी, आभार. प्रमाणपत्रांचं आणि संचालक मंडळाचं काय करावं?

काउंटर_ते_एफआययू
शाखाधिकारी आणि तपासणाऱ्यांसाठी आयआयबीएफ या बँकिंग शिक्षणसंस्थेची एएमएल-केवायसी परीक्षा पुरेशी आहे, अभ्यासक्रम भारतीय नियमांवर बेतलेला आहे. कॅम्स हे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र फार तर प्रिन्सिपल ऑफिसरनं (एफआययूला अहवाल देणाऱ्या बँकेच्या अधिकाऱ्यानं) करावं. फी डॉलरमध्ये आहे, भर आंतरराष्ट्रीय चौकटीवर आहे आणि ठरावीक वर्षांनी नूतनीकरण लागतं. फिनगेटवर अहवाल कसा भरायचा हे तिथे शिकवत नाहीत.

संचालकांसाठी एक तास, पण प्रिन्सिपल ऑफिसरनं स्वतः घ्यावा. त्यात दोनच मुद्दे. मनी लाँड्रिंगविरोधी कायद्याच्या कलम १३ खालचा दंड प्रत्येक चुकीमागे १० हजार ते १ लाख असतो आणि तो बँकेबरोबरच नियुक्त संचालक किंवा कर्मचाऱ्यावरही बसू शकतो. आणि संचालकाच्या शिफारशीनं आलेल्या खात्याला केवायसीत सूट नाही, त्याच्या अलर्टबद्दल संचालकानं फोन करायचा नाही. हे इतिवृत्तात नोंदवून घ्या.

चाचणीच्या गुणांवर विसंबू नका. प्रशिक्षणानंतर तीन महिने शाखानिहाय आलेल्या सूचना मोजा आणि प्रत्येकीला आठवडाभरात उत्तर द्या. एसटीआर गेला की नाही हे शाखेला सांगू नका. ‘माहिती मिळाली, यापुढे या गोष्टीही टिपा’ एवढं कळवा. उत्तर आलं नाही की दुसऱ्यांदा कुणी कळवत नाही.