इसबगोल घेतले म्हणजे आतड्याला हवा तो चोथा मिळाला, असे समजावे का?

माझ्या वडिलांचे वय ६७ आहे. दोन महिन्यांपूर्वी कोलोनोस्कोपीत (दुर्बिणीने केलेल्या तपासणीत) त्यांच्या मोठ्या आतड्यात ८ मिलिमीटरचा पॉलिप, म्हणजे अस्तरावरची गाठीसारखी वाढ, आढळला आणि तो त्याच वेळी काढण्यात आला. अहवालात तो ॲडेनोमा (पुढे कर्करोगात बदलू शकणारा प्रकार) असल्याचे, मात्र कर्करोगाच्या पेशी नसल्याचे नमूद आहे. 'आहारात चोथा वाढवा' एवढे सांगून डॉक्टरांनी आम्हाला घरी पाठवले.

तेव्हापासून बाबा रोज रात्री पेलाभर पाण्यात दोन चमचे इसबगोल ढवळून घेतात. बोलण्याच्या नादात चार मिनिटे गेली, तर पेल्यातले पाणी खळीसारखे दाट होते आणि ते चमच्याने खरवडून खावे लागते. पोट मात्र उत्तम साफ होते, त्यामुळे भाज्या, फळे आणि कडधान्ये वाढवण्याचा आग्रह केला, की 'चोथा पोटात गेलाच आहे' असे उत्तर मिळते. मला हे उत्तर पटत नाही, आणि माझी शंका रास्त आहे का, हेच विचारायचे आहे.

माझ्या वाचनानुसार, चोथ्यातल्या न पचलेल्या तंतूंपैकी काही तंतू मोठ्या आतड्यातील जीवाणू आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट तयार होते, जे आतड्याच्या अस्तरातील पेशींचे मुख्य इंधन आहे. इसबगोलाचा गुण याच्या जवळजवळ उलट आहे: जीवाणूंना ते फारसे आंबवता येत नाही, म्हणूनच ते शेवटपर्यंत पाणी धरून ठेवते आणि मल मऊ राहतो. मग बद्धकोष्ठ दूर होणे आणि अस्तराचे पोषण होणे या दोन निराळ्या गोष्टी आम्ही एकच समजत आहोत का?

काळजी वाढवणारी आणखी एक गोष्ट आहे. पॉलिप काढलेल्या रुग्णांवर युरोपात झालेल्या आणि २००० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, रोज ३.५ ग्रॅम इसबगोल घेणाऱ्यांमध्ये तीन वर्षांनी पॉलिप पुन्हा आढळण्याचे प्रमाण कमी नव्हे, तर जास्त निघाले. याउलट, अनेक निरीक्षणात्मक अभ्यास एकत्र करून २०११ मध्ये मांडलेल्या विश्लेषणात, आहारातील दर १० ग्रॅम तंतूंमागे मोठ्या आतड्याच्या व गुदाशयाच्या कर्करोगाचा धोका सुमारे १० टक्क्यांनी कमी दिसला. अशा अभ्यासांत भरपूर चोथा खाणारी माणसे इतर बाबतींतही आरोग्य जपणारी असू शकतात, हे मला समजते. तरीही अन्नातला चोथा आणि पुडीतला चोथा यांना एकाच मापाने मोजणे मला धोक्याचे वाटते.

डॉक्टरांना विचारल्याशिवाय आम्ही इसबगोल बंद करणार नाही. पण त्यांची भेट तीन आठवड्यांनी आहे, तोवर आहारतज्ज्ञांनी किंवा पॉलिप काढल्यानंतर या वाटेने गेलेल्यांनी दोन गोष्टी सांगाव्यात. इसबगोल चालू ठेवून अन्नातला चोथा वाढवला, तर चालते का? आणि जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेल्या रोजच्या किमान २५ ग्रॅमपर्यंत किती आठवड्यांत पोहोचावे? मागे एकदम कडधान्ये वाढवली, तेव्हा बाबांचे पोट इतके फुगले, की चौथ्याच दिवशी त्यांनी ताट बाजूला सारले होते.